रोजच्या वापरासाठी शेलची मांडणी : मराठी मजकुराच्या सोयीने

‘अळणावर’ या नावात मराठी वाचक ५ अक्षरे मोजतो. संगणकाच्या लेखी त्यात ६ चिन्हे असतात, कारण ‘णा’मधला काना हे वेगळे चिन्ह धरले जाते. साठवणुकीत हेच नाव १८ बाइट व्यापते, कारण यूटीएफ-८ या आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र टर्मिनलवर मराठी मजकूर हाताळणाऱ्याला आपले यंत्र यांपैकी कोणते उत्तर देते हे ठाऊक नसेल, तर शोध, क्रमवारी आणि शब्दमोजणी या तिन्ही बाबतींत त्याची फसगत होते, आणि ती फसगत यंत्र बोलून दाखवत नाही.

धारवाडहून लोंढा, कॅसल रॉक, कुळेमार्गे गोव्यात उतरणाऱ्या लोहमार्गावरील अळणावर हे जंक्शन प्रस्तुत लेखकाचे गाव. वास्को-हावडा अमरावती एक्स्प्रेसने गेलेल्यांना ते खिडकीतून तरी परिचित असेल. दांडेलीकडचा फाटा येथूनच निघतो. एका बाजूला खानापूर, दुसऱ्या बाजूला हल्याळ, त्यामुळे गावात कन्नडच्या जोडीने मराठी सहज ऐकू येते. नावाचे लेखन मात्र एकसारखे नाही. अळणावर, अळनावर, अळ्णावर, अल्नावर अशी चारही रूपे मजकुरात आढळतात. घरी बसून रात्रपाळीचे संपादन करताना या नावाने जे धडे दिले, ते या लेखात इतरांच्या उपयोगासाठी मांडले आहेत. आज्ञा रोमन लिपीतच टंकायच्या असतात. येथे वाचनाच्या सोयीसाठी त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

शेल म्हणजे काय

टर्मिनलची काळी खिडकी उघडल्यावर आपण जी आज्ञा लिहितो ती वाचून, तिचा अर्थ लावून, संबंधित प्रोग्रॅम चालवणारा मध्यस्थ म्हणजे शेल. खिडकी वेगळी आणि शेल वेगळा, हा भेद सुरुवातीलाच ध्यानात ठेवावा. अक्षरे पडद्यावर रेखाटणे हे खिडकीचे काम आणि आज्ञा समजून घेणे हे शेलचे. मराठी जोडाक्षर तुटके दिसले तर दोष बहुधा खिडकीचा किंवा टंकाचा असतो; मराठी शब्द शोधूनही सापडला नाही तर दोष बहुधा शेलच्या मांडणीचा असतो.

युनिक्सचा पहिला शेल केन थॉम्प्सन यांनी १९७१ मध्ये लिहिला. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बॉर्न यांचा शेल आला आणि आजच्या बहुतेक शेलांची वाक्यरचना त्याच्यावर बेतलेली आहे. आज्ञेला टोपणनाव देण्याची सोय, म्हणजे एलियास, ही बर्कलीच्या बिल जॉय यांच्या सी-शेलची देणगी. ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी १९८९ मध्ये बॅश प्रसिद्ध केला. बॉर्न यांच्या नावावरचा आणि पुनर्जन्मावरचा श्लेष त्या नावात आहे. पॉल फॉल्स्टॅड यांचा झेड-शेल १९९० चा. अॅपलने २०१९ मध्ये मॅकवर बॅशऐवजी झेड-शेल हा मूळ पर्याय ठरवला. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत आजही बॅशच असतो, आणि विंडोजवर लिनक्सची उपप्रणाली बसवली तरी सामान्यतः बॅशच समोर येतो. म्हणून पुढील विवेचन बॅशच्या अंगाने केले आहे. झेड-शेल वापरणाऱ्यांना फाइलींची नावे बदलावी लागतील. बाकी बरेचसे तसेच लागू पडते.

मांडणीची फाइल

आपल्या आवडीनिवडी बॅश आपल्या घरच्या फोल्डरातील ‘डॉट बॅशआरसी’ या फाइलीत शोधतो. नावाच्या आरंभी टिंब असल्याने ती नेहमीच्या यादीत दिसत नाही. शेवटची ‘आरसी’ ही दोन अक्षरे १९६० च्या दशकातील ‘रनकॉम’ या संज्ञेची उरलेली खूण आहेत. फाइलीत बदल केला की तो पुढच्या खिडकीत लागू होतो. चालू खिडकीतच हवा असेल तर ‘सोर्स’ ही आज्ञा देऊन फाइल पुन्हा वाचवून घ्यावी.

येथे एक खाच आहे. ही फाइल परस्परसंवादी शेलच वाचतो, म्हणजे ज्याच्यासमोर माणूस बसून आज्ञा देतो आहे तो. यंत्रावर प्रवेश करताना उघडणारा शेल ‘डॉट बॅश-प्रोफाइल’ किंवा ‘डॉट प्रोफाइल’ वाचतो. डेबियन आणि उबुंटू यांत प्रोफाइल स्वतःच बॅशआरसीला बोलावते, त्यामुळे फरक जाणवत नाही. मात्र ठरावीक वेळी आपोआप कामे करणाऱ्या क्रॉनसारख्या व्यवस्थेला यांपैकी एकही फाइल वाचण्याचे बंधन नाही. टोपणनावेसुद्धा स्क्रिप्टमध्ये मूळ मांडणीत चालत नाहीत. ‘माझ्या खिडकीत चालते, रात्री आपोआप चालवले की बिघडते’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा येथे असते.

पहिली ओळ भाषेची

मांडणी म्हटली की लोक रंगांपासून सुरुवात करतात. रंगीत सूचनाचिन्ह, डाव्या कोपऱ्यात घड्याळ, जागोजागी चित्रे. त्यात वावगे काही नाही; पण मराठी मजकूर हाताळणाऱ्याने पहिली ओळ लोकॅलसाठी राखून ठेवावी. लोकॅल म्हणजे भाषा, प्रदेश आणि अक्षरांचे संकेतन यांची यंत्राला दिलेली माहिती. मराठीसाठी ‘एमआर-आयएन’, देवनागरी कोकणीसाठी ‘कोक-आयएन’ अशी लोकॅले लिनक्सच्या मूळ ग्रंथालयात आहेत. आपल्या यंत्रावर कोणती बसवली आहेत हे ‘लोकॅल’ या आज्ञेला ‘उणे ए’ जोडले की कळते. यादीत मराठी नसेल तर डेबियनमध्ये लोकॅलचे पॅकेज पुन्हा मांडून, उबुंटूत ‘लोकॅल-जेन’ने आणि फेडोरात मराठीचा भाषासंच बसवून ते मिळते. यादीत जसे दिसेल तसेच नाव अक्षरशः वापरावे.

ही माहिती अनेक चलांत विभागलेली असते. ‘लँग’ हा सर्वसाधारण आधार. त्याच्यावर मात करणारे ‘एलसी’ने सुरू होणारे चल: अक्षरांच्या ओळखीसाठी एक, क्रमवारीसाठी दुसरा, तारखांसाठी तिसरा, संदेशांसाठी चौथा. या सर्वांना गप्प करणारा ‘एलसी-ऑल’. हा शेवटचा मांडणीच्या फाइलीत कधीही कायमचा ठेवू नये. एकाच आज्ञेपुरता तो आज्ञेच्या आधी लिहावा आणि सोडून द्यावा.

लेखकाची स्वतःची मांडणी अशी: अक्षरओळख, क्रमवारी व तारखा मराठी आणि संदेश इंग्रजी. संदेश इंग्रजी ठेवण्यात मराठीचा अव्हेर नाही. अडचण आली की तो संदेश जसाच्या तसा शोधावा लागतो, आणि उत्तरे इंग्रजी संदेशाखालीच सापडतात. तारखा मराठी केल्या की ‘डेट’ ही आज्ञा महिन्याचे आणि वाराचे नाव मराठीत देते. बातमीच्या तारीखओळीसाठी ते तसेच उचलता येते.

लोकॅल मुळीच दिले नसेल तर यंत्र ‘सी’ नावाच्या किमान लोकॅलवर उतरते. त्यात अक्षर म्हणजे एक बाइट. मग ‘डब्ल्यूसी’ला ‘उणे एम’ जोडून ‘अळणावर’ची चिन्हे मोजायला सांगितली तरी उत्तर ६ न येता १८ येते. (ओळ संपल्याची खूण मोजली गेली तर दोन्हीकडे एक वाढवावा.) पाच हे उत्तर मात्र साध्या आज्ञा योग्य लोकॅलमध्येही देत नाहीत. शब्द उलटा करून दाखवणाऱ्या ‘रेव्ह’ला ‘अळणावर’ दिले तर ‘रवणाळअ’ अपेक्षित असताना ‘रवाणळअ’ मिळते; ‘ण’चा काना ‘व’ला जाऊन चिकटतो. अक्षर ही मराठी कल्पना या साधनांना मुळातच ठाऊक नाही. ती मर्यादा मान्य करूनच पुढे जावे लागते.

दूरच्या यंत्राचा प्रश्न वेगळा. एसएसएचने जोडणी करताना आपल्याकडचे लोकॅलचे चल पुष्कळदा पलीकडे पाठवले जातात. पलीकडे मराठी बसवलेली नसेल तर ‘लोकॅल बदलता येत नाही’ अशा अर्थाची कुरकुर दिसते आणि काम ‘सी’वर चालू राहते. ज्या यंत्रावर आपला अधिकार नाही तेथे ‘सी-यूटीएफ-८’ हे लोकॅल कामी येते. त्यात मराठीची क्रमवारी नाही, मराठी महिने नाहीत. परंतु देवनागरीचे चिन्ह हे एक चिन्ह म्हणून ओळखले जाते. डेबियनमध्ये ते पूर्वीपासून होते. २०२२ मध्ये ग्नूच्या मूळ सी-ग्रंथालयातही दाखल झाले.

एक चूक आणि तिचे कारण

काही वर्षांपूर्वी अळणावर-लोंढा टप्प्याविषयीच्या एका बातमीसाठी जुन्या मजकुरातून गावाचे सर्व उल्लेख काढायचे होते. चारही लेखनरूपे एकाच नमुन्यात बसतात: ‘अ’, मग ‘ल’ किंवा ‘ळ’, असल्यास हलन्त, मग ‘ण’ किंवा ‘न’, मग ‘ावर’. ‘ग्रेप’ला चौकटी कंसातून हा पर्याय देता येतो. लेखकाने नमुना आपल्या खिडकीत तपासला, समाधान झाले, आणि दूरच्या यंत्रावर रात्री आपोआप चालण्यासाठी सोपवला. सकाळी निकाल रिकामा. रिकामा निकाल खरा मानून बातमीत ‘प्रथमच’ हा शब्द गेला. दुपारी एका वाचकाने फोन करून, हा विषय याच पानांवर आधी दोनदा येऊन गेल्याचे सौम्यपणे सांगितले. दुरुस्ती छापावी लागली. ती चूक सर्वस्वी लेखकाची होती.

कारण नंतर कळले. त्या रात्रीच्या कामापर्यंत लोकॅल पोहोचलेच नव्हते. ‘ल’ आणि ‘ळ’ यांचे पहिले दोन बाइट सारखे, तिसरा वेगळा. ‘सी’ लोकॅलमध्ये चौकटी कंस या बाइटांपैकी कोणताही एकच बाइट स्वीकारतो आणि लगेच पुढच्या अक्षराकडे वळतो. त्यामुळे नमुना कोणत्याही खऱ्या शब्दाशी जुळूच शकत नाही, आणि यंत्राच्या दृष्टीने यात कोणतीही त्रुटी घडलेली नसते, म्हणून तक्रारही नाही. तेव्हापासून लेखकाच्या प्रत्येक स्क्रिप्टची पहिली कामाची ओळ लोकॅल निश्चित करते, आणि दुसरी ओळ ‘अळणावर’ची चिन्हे मोजून उत्तर ६ नसेल तर काम तेथेच थांबवते. गावाचे नाव अशा कामाला येईल असे वाटले नव्हते.

छोटी साधने

मांडणीच्या फाइलीत टोपणनावांपेक्षा फंक्शन अधिक उपयोगी पडतात. टोपणनाव म्हणजे एका शब्दाच्या जागी ठरलेला मजकूर. फंक्शनला आपण दिलेली माहिती हव्या त्या जागी वापरता येते. बॅशमध्ये दोन्हींची नावे देवनागरीत ठेवता येतात. चलांची नावे मात्र बॅशमध्ये रोमनच हवीत. झेड-शेल तेथेही सवलत देतो. डेबियन-उबुंटूंत स्क्रिप्टांसाठी वापरला जाणारा डॅश हा किमान शेल देवनागरी फंक्शननावे स्वीकारत नाही, हे स्मरणात ठेवावे.

लेखकाच्या फाइलीतील सर्वांत जास्त वापरले जाणारे फंक्शन ‘अंक’ या नावाचे आहे. ते रोमन अंकांच्या जागी देवनागरी अंक घालते. यासाठी पहिल्यांदा हात ‘टीआर’कडे जातो, कारण चिन्हामागे चिन्ह बदलणे हेच त्याचे काम. पण लिनक्सवरील ग्नूचा ‘टीआर’ बाइटांवर चालतो, चिन्हांवर नाही; योग्य लोकॅल असूनही तो अंकांच्या जागी फुटके बाइट भरतो आणि फाइल वाचण्याजोगी राहत नाही. ‘सेड’मधील ‘वाय’ ही क्रिया हे काम नीट करते. लोकॅल चुकले असेल तर ‘सेड’ दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असल्याची तक्रार करून थांबतो, कारण १० रोमन अंकांचे १० बाइट आणि १० देवनागरी अंकांचे ३०. थांबणारे साधन हे बिघडवणाऱ्या साधनापेक्षा केव्हाही भले.

दुसरे फंक्शन ‘शुद्ध’. युनिकोडमध्ये मराठीची काही अक्षरे दोन प्रकारे लिहिता येतात आणि डोळ्यांना ती सारखीच दिसतात. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘कऱ्हाड’ यांतील अर्धा ‘र’ हे ठळक उदाहरण. तो नुक्ताधारी ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहिता येतो, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह लावून. युनिकोड पहिली पद्धत सुचवते; दुसरी जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून चालू ठेवली आहे. कोणता बातमीदार कोणता कळफलक वापरतो यावर मजकुरात कोणते रूप येईल हे ठरते. ‘ॲप’ची गोष्ट तशीच: अर्धचंद्रासह स्वतंत्र ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधीचा आणि त्यानंतरचाही बराच मजकूर ‘अ’वर चंद्र ठेवून लिहिलेला आहे. युनिकोडचे रूढ प्रमाणीकरण या जोड्या एक करत नाही, कारण त्याच्या हिशेबी ही भिन्न लेखने आहेत. म्हणून शोधाआधी सगळा मजकूर एका रूपात आणणारे फंक्शन स्वतः लिहावे लागते. दोन-तीन ‘सेड’च्या अदलाबदली पुरतात. मूळ फाइल बदलू नये. शुद्ध केलेली प्रत वेगळी ठेवावी आणि शोध त्या प्रतीत घ्यावा.

तिसरे, क्रमवारीची चाचणी. देवनागरीच्या संकेतनात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसतो. मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. त्यामुळे काल, काळ, कावळा, कासव हा ‘सी’ लोकॅलने लावलेला क्रम शब्दकोशाला मान्य नाही. तेथे काल, कावळा, कासव, काळ असा क्रम हवा. हे चार शब्द एका फाइलीत ठेवून ‘सॉर्ट’ चालवावा आणि आपल्या यंत्राचे मराठी लोकॅल कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. मतदारयाद्या, सभासदांच्या नोंदी, निकालपत्रके अशा कामांत हा प्रश्न हमखास उभा राहतो, आणि ‘ळ’ने भरलेली आडनावे आपल्याकडे काही कमी नाहीत.

कळफलक मराठीतच राहिला तर

इनस्क्रिप्ट हा कळफलक केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८० च्या दशकात प्रमाणित केला. भारतीय लिप्यांसाठी तो एकसारखा आहे. बातमी टंकून झाल्यावर कळफलक रोमनवर आणायचे राहून जाते आणि शेलला भलतेच शब्द जातात. हे शब्द मोठे गमतीचे असतात. फाइलींची यादी देणारा ‘एलएस’ इनस्क्रिप्टवर ‘ते’ होतो, चालू कामे दाखवणारा ‘पीएस’ ‘जे’ होतो, प्रत काढणारा ‘सीपी’ ‘मज’ आणि हलवणारा ‘एमव्ही’ ‘सन’ होतो. साहाय्यपुस्तिका उघडणाऱ्या ‘मॅन’चे ‘सोल’ होते.

‘ते’ हे टोपणनाव ‘एलएस’ला देऊन ठेवावे, ‘जे’ हे ‘पीएस’ला. दोन्ही आज्ञा केवळ दाखवणाऱ्या आहेत. चुकून चालल्या तरी काही बिघडत नाही. पुसून टाकणाऱ्या ‘आरएम’ला मात्र असे मराठी रूप देऊ नये. कळफलक चुकला असताना पुसण्याची आज्ञा अयशस्वी व्हावी हेच इष्ट. शिवाय मुद्दाम मराठी नावांनी अख्खा संच उभारण्याचा उत्साह सुरुवातीला प्रत्येकाला येतो. लेखकालाही आला होता. यादी, हलवा, पुसा, शोधा अशी सुमारे वीस नावे केली होती. दर आज्ञेमागे दोनदा कळफलक बदलावा लागू लागला तेव्हा त्यांतली पाच उरली.

पुसणे आणि झाकणे

टर्मिनलवर कचरापेटी नसते. ‘आरएम’ने गेलेली फाइल गेली. यावर उपाय म्हणून ‘आरएम’ला नेहमी विचारणा करायला लावणारे टोपणनाव अनेक जण सुचवतात. लेखकाला ते पटत नाही. विचारणेची सवय जडते, आणि ज्या परक्या यंत्रावर ते टोपणनाव नाही तेथे नेमका त्याच विश्वासाने हात चालतो. त्यापेक्षा वेगळ्याच नावाचे एक फंक्शन करावे, ज्याने फाइल डेस्कटॉपच्या कचरापेटीत जाईल. नोम डेस्कटॉपवर ‘गिओ’ या आज्ञेत ही सोय आहे. ते नाव दुसऱ्या यंत्रावर नसेल तर आज्ञा नुसती फसते.

पत्रकाराला खरा धोका पुसण्यापेक्षा झाकण्याचा. आज्ञेचा निकाल फाइलीत पाठवणारे ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह समोरची फाइल न विचारता रिकामी करून मग लिहू लागते. एखाद्या फाइलीची क्रमवारी लावून निकाल त्याच नावाने पाठवला, तर शेल आधी फाइल रिकामी करतो आणि ‘सॉर्ट’ला वाचायला काही उरत नाही. ‘नोक्लॉबर’ हा पर्याय चालू ठेवला की शेल अस्तित्वात असलेल्या फाइलीवर असे लिहू देत नाही. जाणूनबुजून लिहायचेच असेल तर त्या चिन्हाला उभी रेघ जोडावी. बॅशआरसीत लोकॅलच्या खालोखाल हीच ओळ असावी.

स्मरणवही

दिलेल्या आज्ञांची नोंद शेल ठेवतो. बॅशची मूळ मर्यादा ५०० आज्ञांची; ती दहा-वीस हजारांपर्यंत वाढवण्यात काही अडचण नाही. कंट्रोल आणि आर दाबून जुनी आज्ञा शब्दावरून शोधता येते. दोन खिडक्या उघड्या असतील तर शेवटी बंद होणारी खिडकी नोंदवही आपल्या नोंदींनी झाकते. ‘हिस्ट-अपेंड’ चालू केल्यास नोंदी जोडल्या जातात. नोंदींना तारीख-वेळ लावून घेण्याचीही सोय आहे आणि महिन्याभराने एखादे काम कसे केले होते हे आठवताना ती फार उपयोगी ठरते. सलग सारख्या नोंदी गाळण्याचा आणि अवकाशाने सुरू झालेल्या आज्ञा न नोंदवण्याचा पर्याय एकत्र लावावा. परवलीचा शब्द आज्ञेतच लिहिण्याची वेळ येऊ नये; आलीच तर आधी एक अवकाश टंकावा.

दिसणे

सूचनाचिन्ह, म्हणजे प्रत्येक ओळीच्या आरंभी शेल जे दाखवतो ते, ‘पीएस-१’ या चलातून ठरते. वेळ, यंत्राचे नाव आणि चालू फोल्डर एवढे पुरे. दोन-तीन यंत्रांवर काम करणाऱ्याने दूरच्या यंत्राचे नाव निराळ्या रंगात दिसेल असे जरूर करावे. चुकीच्या यंत्रावर चुकीची आज्ञा जाण्याचे प्रसंग त्याने घटतात. रंगाच्या खुणा लिहिताना त्या रुंदी नसलेल्या आहेत हे बॅशला विशिष्ट कंसांनी सांगावे लागते, अन्यथा लांब आज्ञा लिहिताना ओळ स्वतःवरच चढते.

सूचनाचिन्ह मराठीत करण्याचा मोह टाळावा. टर्मिनल पडदा सारख्या रुंदीच्या चौकोनांत विभागतो. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी रेखाटली जाते पण नंतर साठवली जाते, जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. शेल मोजतो ती रुंदी आणि खिडकी रेखाटते ती रुंदी यांत तफावत पडली की कर्सर एका जागी दिसतो आणि अक्षर दुसरीकडे उमटते. केडीईचा कोन्सोल आणि बहुभाषिक लेखनासाठीच घडवलेला एमएलटर्म यांत जोडाक्षरे बऱ्यापैकी जुळून दिसतात. टंकांपैकी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेला आणि रेड हॅटने खुल्या परवान्याखाली दिलेला लोहित बहुतेक वितरणांत मिळतो.

मराठी फाइलनावांची मर्यादाही येथेच सांगितलेली बरी. लिनक्सच्या रूढ एक्स्ट-४ फाइलप्रणालीत नाव २५५ बाइटांपर्यंत असू शकते. रोमनमध्ये ती २५५ अक्षरे. देवनागरीत केवळ ८५ चिन्हे, आणि त्यांत काना, मात्रा, हलन्त सगळे धरून. बातमीचा पूर्ण मथळा फाइलीचे नाव म्हणून वापरणाऱ्यांना ही सीमा लवकर भेटते. तारीख रोमन अंकांत वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, पुढे गावाचे नाव आणि एक-दोन शब्द, एवढे नाव पुरते. तारखांचा क्रमही आपोआप लागतो.

सांभाळणे

मांडणीच्या फाइली गिटमध्ये ठेवाव्यात, म्हणजे कोणता बदल केव्हा केला ते कळते आणि नवे यंत्र अर्ध्या तासात आपलेसे होते. परवलीचे शब्द आणि किल्ल्या त्यात जाणार नाहीत याची खात्री करावी. दुसऱ्याची शेकडो ओळींची तयार फाइल उचलून आणणे सोपे असते. पण त्यातली एखादी ओळ अडली तर ती कोणती हे शोधण्यात संध्याकाळ जाते. बदल एकेक करावा, प्रत्येकावर कारणाची टीप मराठीत लिहावी (टिपांना लिपीचे बंधन नाही), आणि जुनी खिडकी उघडी ठेवून नवी खिडकी उघडून पाहावी. नवी खिडकी उघडलीच नाही तर दुरुस्तीसाठी जुनी हाताशी असते. त्या नव्या खिडकीत पहिली आज्ञा म्हणून आपल्या गावाचे नाव मोजून घ्यावे.